पागेतली परीक्षा : वाचकांचे प्रश्न

घोडेस्वारी आणि पागेच्या व्यवस्थेच्या परीक्षेबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या अंकात घेतली आहेत. कोणी ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या पहिल्या पातळीला बसणार आहे, कोणी पोनी क्लबच्या चाचणीला, कोणी एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्राला, तर कोणी आपल्याच क्लबच्या परीक्षेला. परीक्षा वेगळ्या असल्या तरी घोडा तोच. त्यामुळे दुसऱ्याच्या पत्राचे उत्तरही वाचावे.

परीक्षेला सहा आठवडे उरले आहेत. आठवड्याला तीन रपेटी होतात. त्या पाच कराव्यात का?
एक विद्यार्थिनी, पुणे

नको. तीनच राहू द्या आणि उरलेल्या दोन सकाळी मोतद्दारांबरोबर (घोड्यांची निगा राखणाऱ्यांबरोबर) पागेत काढा. पहिल्या पातळीच्या उमेदवारांचे घोडे पेंड खाते ते बहुधा जमिनीवर, खोगिरात नाही. दुडकीत (ट्रॉटमध्ये) रिकिबीशिवाय बसणारी मुले लिदीची गाडी दारात आडवी सोडून जातात आणि तिथेच परीक्षकाच्या मनात शंका येते.

ठाण, म्हणजे घोड्याची राहण्याची जागा, साफ करणे हा प्रकार क्षुल्लक समजू नका. घोडा बाहेर बांधा, पाण्याची बादली आणि चाऱ्याची जाळी बाहेर काढा. आधी लिदीचे ढीग उचला, मग कोरडे अंथरूण एका भिंतीकडे लोटा, ओले वेगळे करा, जमीन झाडा आणि वेळ असेल तर ती थोडी सुकू द्या. अंथरूण परत पसरताना भिंतींलगत ते चढते ठेवा. लोळताना घोडा भिंतीला चिकटला, तर पाय मुडपायला जागा न राहिल्याने त्याला उठता येत नाही. या चढामुळे तो धोका कमी होतो. जाडी तपासायला अंथरूण पसरायचा दातेरी काटा सरळ खाली दाबा. टोके फरशीवर वाजली तर अंथरूण अपुरे आहे. शेवटी गुडघ्याच्या उंचीपर्यंत वाकून वास घ्या. घोडा आडवा होतो तेव्हा त्याचे नाक तिथे असते. मुताचा उग्र, डोळ्यांत झोंबणारा वास तिथे येत असेल, तर ओले नीट निघालेले नाही आणि ते घोड्याच्या फुप्फुसांना बाधणार. काम संपले की काटा दाते भिंतीकडे करून ठेवा. घोडा आत असताना ठाणात एकही अवजार नको.

पहिले दोन आठवडे हाताला वळण लावण्यात जाऊ द्या, पुढचे दोन प्रत्येक कृतीचे कारण तोंडाने सांगण्यात. शेवटच्या दोन आठवड्यांत खरारा, खोगीर, लगाम, रपेट, उतरणे आणि परत खरारा असा पूर्ण क्रम कोणाला तरी समोर उभे करून न थांबता करा.

मला खोगीर आणि लगाम चढवता येतो. पण परीक्षेत “बरोबर बसलंय का, कसं ओळखशील?” असं विचारलं की काय काय सांगायचं?
नववीतली एक वाचक, नाशिक

तुझा प्रश्न नेमका आहे, कारण बहुतेक जण “हो, बरोबर आहे” म्हणून थांबतात.

घोड्याजवळ त्याच्या डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत जा. मोहरकी (डोक्यावर चढवायची, दोर लावलेली पट्टी) घाल आणि दोर भिंतीतल्या कडीला थेट न बांधता कडीत अडकवलेल्या सुतळीच्या फासाला बांध. घोडा बिचकून मागे हटला तर सुतळी तुटली पाहिजे, मान नाही. गाठ सुरगाठच हवी, म्हणजे टोक ओढले की ती सुटते. गाठ मारताना बोटे फासात जाऊ देऊ नकोस. मग चारही खूर टाचेकडून पुढच्या टोकाकडे साफ कर. तळव्यातल्या त्रिकोणी, रबरासारख्या भागाला फ्रॉग म्हणतात. त्याला खुपसू नकोस, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मोकळ्या कर.

खोगीर थोडे पुढे, वशिंडासारख्या उंचवट्यावर ठेव आणि मागे सरकव, म्हणजे खालचे केस वळत नाहीत. खालचे कापड खोगिराच्या मधल्या पोकळीत वर ओढून घे, नाहीतर ते पाठीच्या उंचवट्यावर दाबते. आता मागे जरा बाजूला उभी राहून पोकळीतून पाहा. पुढपर्यंत उजेड दिसायला हवा. स्वार बसल्यावरही पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटे जागा उरली पाहिजे आणि खोगिराचा मागचा भाग शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाता कामा नये, कारण तिथून पुढे कमरेला बरगड्यांचा आधार नाही. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पुढच्या पायाच्या कोपरापासून साधारण चार बोटे मागे, दोन्ही बाजूंना सारख्या भोकांवर, एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने कस. नंतर पुढचे पाय एकेक करून पुढे ओढ, म्हणजे तंगाखाली दबलेली कातडी मोकळी होते. बरेच घोडे सुरुवातीला पोट फुगवतात. म्हणून चढण्याआधी आणि पाच मिनिटे चालवल्यावर तंग पुन्हा तपासायचा. रिकिबी चढण्याच्या क्षणापर्यंत वर सरकवलेल्याच राहू देत.

लगाम घालताना मोहरकी सोडून ती मानेभोवती अडकव, म्हणजे घोडा मोकळा सुटत नाही. तोंडाच्या कोपऱ्यात, जिथे दात नसतात त्या फटीत, अंगठा घातला की तोंड उघडते. लगामाचे तोंडात जाणारे लोखंड दातांवर आपटू देऊ नकोस. तसे दोन वेळा झाले की घोडा मान वर करायला शिकतो. मग बघ: ओठाच्या कोपऱ्यावर एक-दोन सुरकुत्या, तोंडाच्या दोन्ही बाजूंना लोखंड अर्धा सेंटीमीटर बाहेर, कपाळपट्टी कानांच्या मुळाशी न रुतणारी, गळपट्ट्यात उभा पंजा मावेल इतकी जागा, नाकपट्टीत दोन बोटे जातील इतकी सैल, आणि तिचा पट्टा गालाच्या पट्ट्यांच्या आतून गेलेला. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. पट्ट्यांची टोके ती अडकवायच्या चामडी फासांत गेली आहेत ना, हेही बघ. हे सगळे हात लावून दाखवत सांगायचे, नुसते बोलून नाही.

पुस्तकात हेलेज, शुगर बीट, चाफ असे खाद्य आहे. आमच्याकडे ओट, हरभरा, कोंडा, लसूणघास आणि सुके गवत. परीक्षेत काय सांगावे?
एक वाचक, कोल्हापूर

जे तुमच्या घोड्यासमोर आहे ते सांगा, पण त्याचे गणित करून सांगा. पुस्तकातली नावे पाठ म्हणून दाखवणाऱ्याला “तुमचा घोडा आज किती खातो?” असा एकच प्रश्न पुरतो.

आधी वजन. वजनकाटा नसेल तर टेपने मापा: छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (कुल्ल्याच्या) टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १४५ असेल, तर उत्तर सुमारे ३३२ किलो. अशा घोड्याला दिवसाला वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडे खाद्य लागते, म्हणजे साडेसहा किलो. त्यातला चारा वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे ५ किलो. उरलेली दीड किलो चंदी (धान्याचा खुराक), तीही काम असेल तरच. हलक्या कामाच्या घोड्याला नुसता चांगला चारा पुष्कळदा पुरतो.

इथे एक चूक हमखास होते. हिरव्या लसूणघासात चार भागांतले तीन भाग किंवा त्याहून जास्त पाणीच असते. म्हणून ४ किलो हिरवा घास म्हणजे जेमतेम १ किलो कोरडा चारा. “आमचा घोडा दहा किलो घास खातो” हे ऐकायला भरपूर वाटते, पण त्यावर भागवले तर घोडा उपाशी राहतो.

खाद्याचे नियम घोड्याच्या पोटातून आलेले आहेत आणि परीक्षकाला कारण ऐकायचे असते. जठर लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे, म्हणून थोडे थोडे आणि वारंवार. एका वेळी दोन किलोच्या वर चंदी कधीच नको, लहान तट्टाला त्याहूनही कमी. चारा पचतो तो मागच्या मोठ्या आतड्यात, जिवाणूंकडून. खाद्य एकदम बदलले तर ते जिवाणू मरतात, म्हणून बदल ७ ते १० दिवसांत, हळूहळू. भरलेले जठर फुप्फुसांच्या पडद्याला दाबते, म्हणून चंदीनंतर किमान एक तास काम नाही. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून चुकीचे खाल्लेले परत येण्याची वाट त्याला नाही. मापट्याने नाही, वजनाने द्या. एक मापटे ओट आणि एक मापटे हरभरा यांचे वजन सारखे नसते.

आता आपल्या खाद्यांबद्दल. हरभरा प्रथिनांनी भरलेला आहे. तो भरडून किंवा भिजवून द्या आणि प्रमाण आवरते ठेवा. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या सुमारे दहापट फॉस्फरस असतो. रोज भरपूर कोंडा खाणाऱ्या घोड्याचे शरीर हाडांमधले कॅल्शियम ओढून घेते, चेहऱ्याची हाडे फुगतात आणि पाय लंगडू लागतात. लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्याने तो थोडा तोल सावरतो, पण म्हणून कोंडा मोकळ्या हाताने घालू नका. ज्वारीचा हिरवा कोवळा चारा घोड्याला नको. त्यात विष तयार होते, शिवाय ज्वारीवर चरणाऱ्या घोड्यांना मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा विकार जडतो. पावसाळ्यात बुरशी धरलेले गवत झटकून किंवा वाळवून वापरण्याचा मोह होतो. ते फेकाच. बुरशीची धूळ घोड्याला कायमचा खोकला लावते आणि बुरशी लागलेला मका तर त्याचा मेंदू नासवून जीव घेतो. मीठ रोज सुमारे ३० ग्रॅम, उन्हाळ्यात घाम जास्त जात असेल तर अधिक. पाणी दिवसाला २५ ते ५० लिटर, नेहमी समोर.

२० मीटरचे वर्तुळ माझे अंड्यासारखे होते आणि दुडकीत उठण्याची बाजू ओळखताना मान खाली जाते.
एक स्वार, ठाणे

वर्तुळाचे दुखणे मैदानाच्या कडेला खुणेसाठी लावलेल्या इंग्रजी अक्षरांत आहे. २० बाय ४० मीटरच्या मैदानात ‘के’ हे अक्षर कोपऱ्यापासून ६ मीटरवर असते आणि ‘ई’ तिथून १४ मीटरवर. आखूड बाजूच्या मध्यावरच्या ‘ए’वरून काढलेले वर्तुळ लांब भिंतीला कोपऱ्यापासून १० मीटरवर शिवते, म्हणजे ‘के’ ओलांडून आणखी ४ मीटर पुढे. तिथून वळत मैदानाच्या मधल्या ‘एक्स’वरून जायचे आणि पलीकडे ‘एफ’च्या ४ मीटर अलीकडे भिंतीला शिवून ‘ए’ला परतायचे. उमेदवार ‘के’लाच भिंत धरतात आणि तिथून ‘ई’पर्यंत भिंतीला चिकटून राहतात, किंवा घोड्याला कोपऱ्यात शिरू देतात. दोन्ही चुकांमुळे वर्तुळ लांबट होते. या चार ठिकाणी खुणेचे शंकू ठेवून सराव करा आणि प्रत्येक पाव वर्तुळात घोड्याची पावले मोजा. चारही आकडे सारखे आले की आकार आपोआप गोल झालेला असतो. मैदान ६० मीटरचे असेल तर अक्षरांची अंतरे बदलतात, पण कोपऱ्यापासूनचे १० मीटर तेच राहतात.

दुडकीत घोड्याचे तिरके पाय जोडीने पडतात आणि त्या ठोक्यांवर स्वार आळीपाळीने उठतो, बसतो. उजवीकडे वळत असाल तर बाहेरचा म्हणजे डावा खांदा पुढे जाताना उठा आणि मागे येताना बसा. तुम्ही बसता तेव्हा आतला मागचा पाय जमिनीवर असतो. वळणावर शरीर तोलायचे काम त्याचेच, आणि तुमचे वजन तेव्हा खाली आल्याने त्याला त्याची जागा कळते. बाजू बदलायची तर एक ठोका जादा बसा. खांदा नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. मान खाली गेली की तुमचे वजन पुढे जाते आणि घोडा लगेच मंदावतो, म्हणून आधी साध्या चालीत सरळ पाहत खांदे ओळखायचा सराव करा.

कॅन्टर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगाची चाल, कोपऱ्यात मागा. घोडा चुकीच्या, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या, पायावर निघाला तर दुडकीवर या, तोल सावरा, पुढच्या कोपऱ्यात पुन्हा मागा. चूक ओळखून दुरुस्त केलेली चालते. न ओळखता तीन फेऱ्या मारलेल्या चालत नाहीत.

तोंडी परीक्षेत आजारी घोड्याबद्दल नक्की विचारतात. कमीत कमी काय यायला हवे?
पशुवैद्यक महाविद्यालयातला एक एनसीसी छात्र

आकडे आधी: विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. श्वास सगळ्यात आधी मोजा, घोड्याला हात लावण्यापूर्वी, कुशीच्या हालचालीवरून. नाडी खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला, तीन बोटांनी. अंगठ्याने नाही, कारण अंगठ्यात तुमचीच नाडी लागते. तापमान घेताना मागे उभे न राहता बाजूला उभे राहा, शेपूट बाजूला करा, थर्मामीटरला व्हॅसलीन लावा, ते आतड्याच्या भिंतीला टेकेल असे किंचित तिरके धरा आणि हातातून सोडू नका. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत यावा.

पोटशूळ ओळखा: पाय खणणे, कुशीकडे वळून पाहणे, पुन्हा पुन्हा बसणे-उठणे, लोळणे, घाम, लीद बंद. चंदी आणि चारा काढून घ्या, डॉक्टरांना लगेच बोलवा आणि ते येईपर्यंत नाडी दर पंधरा मिनिटांनी लिहून ठेवा. नळीने किंवा बाटलीने तोंडातून तेल, ओवा, काढा काहीही पाजायचे नाही. पाजलेले फुप्फुसांत गेले तर शूळ बरा होऊनही घोडा न्यूमोनियाने मरतो. जठरापर्यंत नाकातून नळी घालणे हे डॉक्टरांचे काम.

भारतातल्या छात्राला धनुर्वाताच्या लसीबरोबर आणखी दोन रोगांची माहिती हवीच. माश्यांच्या चाव्याने पसरणारा सर्रा, आणि ग्लँडर्स, जो माणसालाही होतो, ज्यावर उपचार न करता सरकारला कळवावे लागते आणि ज्याच्या तपासणीत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचे नाव येते.

लेकीची पोनी क्लबची चाचणी आहे. रंग आणि उंचीत ती गोंधळते.
एक आई, लेस्टर (इंग्लंड)

उंची हातात मोजतात आणि एक हात म्हणजे ४ इंच. म्हणून १४.२ हा दशांश अपूर्णांक नव्हे, तर १४ हात आणि २ इंच, एकूण ५८ इंच. १४.३ नंतर थेट १५ येतो, १४.४ अशी उंची नसते. माप जमिनीपासून मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत. पांढऱ्या दिसणाऱ्या घोड्याला तिथे ग्रे म्हणतात. तपकिरी अंग आणि काळी आयाळ, शेपूट व पाय असतील तर बे. आयाळही अंगासारखीच तांबूस असेल तर चेस्टनट. तबेल्यातल्या पाच घोड्यांची वर्णने तिला कागदावर लिहू द्या आणि तिथल्या प्रशिक्षकांकडून तपासून घ्या. चित्रांपेक्षा हे लवकर पक्के होते.

मी लहानपणापासून घोड्यांत आहे. काम येतं, पण साहेबांनी “का?” विचारलं की बोलता येत नाही. प्रमाणपत्र मिळालं तर क्लबात नोकरी लागेल.
एक घोडेवाला, माथेरान

दादा, तुमचा हात ज्यांच्याकडे असायला हवा होता असे कितीतरी उमेदवार परीक्षेला बसतात. तुम्हाला फक्त बोलायचा सराव लागेल. प्रत्येक कामाला तीन वाक्ये ठरवा: मला काय दिसतं, मी काय करतो, न केल्यास काय होतं. उदाहरणार्थ: “नालेचे खिळे वर आलेत आणि खूर नालेच्या बाहेर वाढलंय. नालबंदाला बोलावतो. नाहीतर खूर फुटेल किंवा खिळा दुसऱ्या पायाला लागेल.” हे रोज काम करताना घोड्याशीच मोठ्याने बोला. उत्तर मराठीत किंवा हिंदीत देता येईल का, हे अर्ज भरतानाच विचारून ठेवा.

दोन सवयी मात्र सोडाव्या लागतील. तापलेल्या घोड्याला पाणी लावायचं नाही, पाजायचं नाही, असं आपल्याकडे सांगतात. आता शिकवतात ते असं: उन्हात दमलेल्या घोड्याच्या अंगावर, मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, गार पाणी सतत ओता, सावलीत हळू चालवा आणि थोडं थोडं पाणी पाजत राहा. चंदी मात्र श्वास खाली आल्यावरच. दुसरी सवय म्हणजे मोहरकीचा दोर हाताला गुंडाळणं. घोडा उधळला तर बोटं जातात, आणि परीक्षक तेवढ्यावरून थांबवू शकतात. दोर घड्या घालून मुठीत धरा, घोड्याच्या खांद्याशी चाला आणि वळवायचं असेल तेव्हा त्याला तुमच्यापासून दूर, उजवीकडे वळवा, म्हणजे पाय तुमच्या पावलावर पडत नाही.

परीक्षेला चप्पल घालून जाऊ नका. टाचेचे बंद बूट, लांब पँट, हातमोजे आणि बंद लावलेलं हेल्मेट असू द्या. अंगठी आणि कडं घरी ठेवा.